स्पोर्ट्स स्मार्टवॉचची बॅटरी घरी बदलणं: कोणता सेल घ्यावा, सोल्डरिंग आणि झाकण पुन्हा बसवणं

पहाटधाव

जीपीएसवालं स्पोर्ट्स घड्याळ आहे, पाच वर्षं वापरातलं. पॉलिमरची केस, मागच्या झाकणाला चार टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू. हृदयगती मोजणारा ऑप्टिकल सेन्सर आणि चार्जिंगचे सोनेरी ठिपके त्याच झाकणावर आहेत. बॅरोमीटर आहे, त्याची बारीक छिद्रं केसच्या बाजूला दिसतात. पाण्यासाठीचा शिक्का ५ एटीएम.

तक्रार अशी: नवीन असताना पूर्ण चार्जवर जीपीएस चालू ठेवून तेरा तास मिळायचे, आता त्याच सेटिंगला जेमतेम चार. ३० टक्के शिल्लक असताना धावण्याची नोंद सुरू केली की घड्याळ एकदम बंद पडतं आणि चार्जरला लावताच २६ टक्के दाखवतं. थंडीत हे जास्त. झाकण सपाट आहे, फुगवटा कुठेही नाही. चार्जिंगचे ठिपके अल्कोहोलने पुसलेत, सॉफ्टवेअर अद्ययावत आहे, बाहेरचा वॉच फेस काढून मूळचा लावून पाहिलाय, फॅक्टरी रीसेटही झालंय.

मोबाइलची बॅटरी बदलण्याची आणि बारीक सोल्डरिंगची सवय आहे. घड्याळापुरते तीन प्रश्न. कंपनीचा सुटा सेल मिळत नाही, तर दुसरा निवडताना आकाराशिवाय काय बघायचं? बोर्डावर बॅटरीच्या तीन वायर असतील, तर तिसरीचं काय करायचं? आणि उघडल्यावर पाणीरोधकपणा किती परत मिळवता येतो?

---

मिलिअँपिअर

तुमची लक्षणं सेल थकल्याचीच आहेत. जुन्या सेलमध्ये दोन गोष्टी एकदम होतात: क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. तास कमी मिळतात ते क्षमतेमुळे. ३० टक्क्यांवर घड्याळ बंद पडतं ते रोधामुळे. जीपीएस उपग्रह शोधत असतो, त्याच वेळी बॅकलाइट लागतो आणि व्हायब्रेटर वाजतो, तेव्हा क्षणभर करंट उसळतो. रोध १ ओहमपर्यंत गेला असेल तर १५० मिलिअँपिअरच्या ओढीला ०.१५ व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतात. व्होल्टेज बंद होण्याच्या मर्यादेखाली गेलं की घड्याळ मान टाकतं. चार्जर लावल्यावर ओढ थांबते, व्होल्टेज सावरतं, म्हणून २६ टक्के दिसतात. गारठ्यात रोध आणखी वाढतो, त्यामुळे तेव्हा त्रास जास्त.

इतर वाचकांसाठी एक भर. फक्त तास कमी मिळत असतील आणि असं अचानक बंद पडणं नसेल, तर आधी सेटिंग तपासा. ड्युअल-बँड जीपीएस, रात्रभर चालणारं ऑक्सिजन मोजमाप, सतत चालू पडदा आणि ब्लूटूथवर गाणी, यातलं एकेकही तास निम्म्यावर आणू शकतं. ते सगळं बंद करून एकदा १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंत सलग जीपीएस नोंद घ्या, घड्याळाच्या मूळ आकड्याशी ताडून पाहा आणि मगच पेचकस हातात घ्या.

आता सेल निवडणं. लोक लांबी-रुंदी बघतात आणि इथेच फसतात. पहिली बघायची गोष्ट म्हणजे पूर्ण चार्जचं व्होल्टेज. लिथियम पॉलिमर सेल साधारण दोन जातींचे मिळतात. एकाचं नाममात्र व्होल्टेज ३.७, तो ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. दुसऱ्याचं ३.८ किंवा ३.८५, तो ४.३५ किंवा ४.४ ला भरतो. बऱ्याच घड्याळांत दुसऱ्या जातीचा असतो, कारण तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. सुटे सेल मात्र बहुतेक पहिल्या जातीचे मिळतात. ४.२ चा सेल ४.३५ च्या चार्जिंग सर्किटवर लावला तर तो रोज थोडा थोडा जास्त भरला जातो. सेलवरची संरक्षक पट्टी (मर्यादा ओलांडली की सेल तोडणारं छोटं सर्किट) इथे वाचवत नाही. तिची तोडण्याची मर्यादा साधारण ४.२५ ते ४.३ च्या आसपास असते, म्हणजे ती मध्ये पडेपर्यंत सेल आपल्या मर्यादेबाहेर गेलेलाच असतो. पट्टी शेवटच्या आधारासाठी आहे, रोजच्या कामासाठी नाही. काही महिन्यांत सेल फुगतो आणि फुगलेला सेल झाकण आतून उचलतो.

उलट केलं, म्हणजे ४.२ च्या सर्किटवर ४.३५ चा सेल लावला, तर धोका काही नाही. तो पूर्ण भरत नाही, छापील क्षमतेपेक्षा काही टक्के कमी मिळतात, एवढंच.

मूळ सेल कोणत्या जातीचा हे ओळखायचं सोपं गणित आहे. लेबलवर वॉट-तास आणि मिलिअँपिअर-तास दोन्ही छापलेले असतात. वॉट-तासांना अँपिअर-तासांनी भागा. १.१४ भागिले ०.३ म्हणजे ३.८, ही वरची जात. ०.७४ भागिले ०.२ म्हणजे ३.७, ही साधी. लेबल पुसलं असेल तर झाकण उघडून चार्ज लावा आणि १०० टक्के होताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. ४.२ च्या आत थांबलं तर साधी, ४.३ च्या पुढे गेलं तर वरची.

दुसरी गोष्ट जाडी. सुट्या सेलवर सहा आकडी क्रमांक असतो. ५०२०२५ म्हणजे ५.० मिमी जाड, २० मिमी रुंद, २५ मिमी लांब. पहिले दोन आकडे मिलिमीटरच्या दहाव्या भागात वाचायचे. जुना सेल मोजून नवा घेऊ नका. जुना थोडा सुजलेला असू शकतो आणि तुम्ही सुजेचं माप घेऊन बसाल. जागेची खोली मोजा आणि वर ०.२ ते ०.३ मिमी मोकळी सोडा, कारण नवा सेलही आयुष्यात थोडा फुगणारच. ती मोकळीक नसेल तर दाब एकतर पडद्यावर आतून येतो, नाहीतर झाकणावर. झाकणावर आला तर रबरी रिंग नीट दाबली जात नाही. चार्ज उत्तम टिकतो पण पहिल्याच पावसात काचेच्या आत धुकं, अशा केसेसमध्ये कारण बहुधा हेच असतं.

तिसरी गोष्ट छापील क्षमतेवर विश्वास किती ठेवायचा. लहान पाउच (मऊ पाकिटातल्या) सेलमध्ये एका घन सेंटिमीटरला १०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास धरा. ५०२०२५ चं आकारमान २.५ घन सेंटिमीटर, म्हणजे २०० ते २५० मिळतील. त्याच मापावर ४५० लिहिलं असेल तर तो आकडा फक्त छपाईचा आहे.

---

बारीकपाना

वरचं सगळं बरोबर. मी उघडण्या-बदलण्याचं लिहितो.

घड्याळ २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरवा, नोंदी फोनवर घ्या, मग बंद करा. भरलेला सेल चुकून टोचला गेला तर पेट घेण्याची शक्यता फार जास्त. झाकण आधीच फुगलेलं असेल तर मात्र मुद्दाम पुन्हा चार्ज करून उतरवायच्या भानगडीत पडू नका, आहे तसंच उघडा.

पट्टा काढा, केस साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. घामाचं मीठ स्क्रूच्या डोक्यात गच्च बसलेलं असतं. सुईने ते उकरून काढा, अल्कोहोलचा एक थेंब टाका आणि पुसा. हे न करता पाना घातला की तो तळापर्यंत जात नाही, वरच्या वर फिरतो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. बहुतेक घड्याळांना टी५ लागतो, काहींना टी४ किंवा टी६. टी५ च्या जागी टी४ सैल का होईना बसतो, आणि स्क्रू खराब होतात ते त्यामुळेच. पाना उभा धरा, फिरवण्यापेक्षा दाब जास्त द्या. न हलणाऱ्या स्क्रूवर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक पाच-सहा सेकंद टेकवा, आट्यातला लॉकिंग चिकटा सैल पडतो. पॉलिमर केसला याहून जास्त वेळ नको, आतली धातूची बुशिंग (आटे असलेली नळी) वितळलेल्या प्लास्टिकातून फिरायला लागते.

स्क्रू निघाले म्हणून झाकण ओढू नका. सेन्सरची रिबन केबल झाकणाला जोडलेली आहे आणि ती दोन-तीन सेंटिमीटरच असते. प्लास्टिकची चपटी पट्टी फटीत मिलिमीटरभरच सारा, आत गेली तर रिंग कापते. सगळीकडून सारखं करत झाकण तीन-चार मिमी उचला आणि बाजूने उजेड धरून केबल कुठल्या कडेला आहे ते बघा. मग त्या कडेकडे वहीसारखं उलटा.

केबलचे कनेक्टर दोन प्रकारचे. चौकोनी बटणासारखा असेल तर प्लास्टिकच्या टोकाने सरळ वर उचलायचा, तिरका नाही. केबल फटीत सरकवलेली असेल तर तिच्यावर काळी किंवा तपकिरी पातळ पट्टी असते. ती नखाने ९० अंश उभी करायची, मग केबल आपोआप सैल होते. ही पट्टी उभी न करता केबल ओढली तर कनेक्टर बोर्डावरून उखडतो, आणि तो परत लावायला गरम हवेचं स्टेशन आणि सूक्ष्मदर्शक लागतं. कुठलीही केबल काढण्याआधी बॅटरी सुटी करता येत असेल तर ती पहिली सुटी करा. नसेल तर धातूचा चिमटा बाजूला ठेवा.

केसच्या आत कडेने सोनेरी स्प्रिंगच्या पट्ट्या दिसतील. त्या अँटेनाच्या असतात. त्यांना बोट लावू नका. एखादी दबली तर घड्याळ बाकी ठीक चालतं, पण जीपीएसला पंधरा-पंधरा मिनिटं उपग्रह सापडत नाहीत, आणि दोष नव्या बॅटरीला दिला जातो.

सेल दुहेरी टेपने चिकटवलेला असतो. खाली पाना घालून उचकटणं हा या कामातला सगळ्यात वाईट उद्योग. पाउच वाकला की आतला विभाजक फाटतो आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा, मग दात साफ करायचा धागा खालून करवतीसारखा चालवा. गोडसर, थिनरसारखा वास आला तर पाउच फाटलाय. तिथेच थांबा, खिडकी उघडा, सेल वाळूच्या डब्यात टाकून मोकळ्या जागी ठेवा.

आता वायरी. दोन्ही वायर एकत्र कापायच्या नाहीत, कटरच त्यांना जोडतो. एक कापा, तिचं टोक कॅप्टॉन टेपमध्ये (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) गुंडाळा, मग दुसरी. नव्या सेलचंही तसंच: एका वेळी एकच टोक उघडं. रंगांवर भरवसा नको. मल्टिमीटरने धन-ऋण तपासा आणि मगच जोडा. कनेक्टरवाल्या सेलला तर हे दुप्पट लागू, कारण १.२५ मिमीचे तेच प्लास्टिकचे प्लग दोन्ही उलट-सुलट ध्रुवतेत विकले जातात आणि दोन्ही तितकेच छान बसतात. उलट लागला तर चार्जिंगची चिप एका क्षणात जाते.

सोल्डर ६३/३७ (कथील-शिशाचं प्रमाण), अर्धा मिमी जाडीची. ती १८३ अंशांना वितळते, आयर्न ३२० ते ३४० वर ठेवा. आधी बोर्डावरच्या पॅडवर आणि वायरच्या टोकावर वेगवेगळं सोल्डर चढवा, मग दोन्ही टेकवून एक-दोन सेकंद. आधी ऋण, मग धन. ऋण पॅड मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेला असल्यामुळे उष्णता खेचून घेतो आणि सोल्डर मळकट, दाणेदार होतं. तिथे जास्त वेळ धरू नका, जाड टोक वापरा. शेजारच्या प्लास्टिक कनेक्टरवर ओल्या कापसाचा बोळा किंवा कॅप्टॉन टेपचे दोन थर ठेवा. सेलच्या स्वतःच्या पत्र्यांवर थेट सोल्डर करू नका. ते वेल्ड केलेले असतात, वायरी संरक्षक पट्टीवरच जोडा. वायर मूळच्या लांबीचीच ठेवा. जास्तीची वायर झाकणाच्या कडेखाली सापडते, आणि मग रिंग तिथे बसत नाही.

जोडल्यावर घड्याळ चालूच झालं नाही तर घाबरू नका. बरेच नवे सेल जोडल्याबरोबर व्होल्टेज देत नाहीत. संरक्षक पट्टी बंद अवस्थेत असते आणि चार्जर लावल्यावरच जागी होते. सेलच्या टोकांवर शून्य दिसत असेल तर आधी केबल जोडून झाकण नुसतं टेकवा, पाच मिनिटं चार्जरवर ठेवा आणि मग निर्णय घ्या.

---

पहाटधाव

उघडलं. लेबलवर ०.७६ वॉट-तास, २०० मिलिअँपिअर-तास. म्हणजे ३.८ व्होल्टची जात. वायर तीन आहेत: लाल, काळी, पांढरी. या मापात ४.३५ चा जो सेल मिळतोय तो दोन वायरचा आहे. पांढरी वायर मोकळी सोडली तर चालेल का? काही ठिकाणी "१० किलो-ओहमचा रोधक लावा आणि विसरा" असं वाचलं.

---

मिलिअँपिअर

मोकळी सोडली तर बहुतेक घड्याळं चार्जच घेत नाहीत. तार तुटलेली दिसली की सर्किटला वाटतं सेल अतिथंड आहे, आणि ते चार्जिंग रोखतं.

आधी पांढरी वायर कशाची आहे ते ठरवा. जुना सेल बोर्डापासून पूर्ण सुटा करा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक टोक पांढरीला आणि दुसरं काळीला. खोली २५ अंशांच्या आसपास असेल आणि १० किलो-ओहम दिसत असेल तर संरक्षक पट्टी दोन बोटांत धरा. आकडा हळूहळू ९, मग ८ च्या जवळ घसरायला लागला तर ती तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची वायर आहे. आकडा जागचा हलला नाही तर तो नुसता सेलची ओळख पटवणारा रोधक आहे, आणि त्याच किमतीचा स्थिर रोधक लावायला काहीच हरकत नाही.

थर्मिस्टर असेल तर स्थिर रोधक लावू नका. तो लावला की घड्याळाला सेल कायम २५ अंशांवरच दिसतो. लिथियम सेल शून्याखाली चार्ज केला तर ग्रॅफाइटमध्ये शिरायचं लिथियम धातूच्या रूपात वरच साचतं, आणि ते परत जात नाही. ४५ अंशांच्या वर चार्ज केला तर सेल झपाट्याने झिजतो आणि फुगतो. उन्हात तापलेलं घड्याळ गाडीत चार्जिंगला लावणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. घड्याळाने तिथे "थंड होऊ द्या" म्हणायला हवं, आणि ते म्हणण्याचं एकमेव साधन तुम्ही काढून टाकलेलं असतं. मनगटाला बांधायच्या वस्तूत हा शॉर्टकट कुणीच सुचवू नये असं माझं ठाम मत आहे.

योग्य मार्ग दोन. जुन्या संरक्षक पट्टीवरचा थर्मिस्टर, दोन वायरी जोडून, नव्या सेलच्या अंगाला कॅप्टॉन टेपने घट्ट चिकटवा. तो हवेत लटकता कामा नये, त्याला सेलचं तापमान कळलं पाहिजे. किंवा १० किलो-ओहमचा नवा मणीवजा थर्मिस्टर घ्या, पण बी-मूल्य (तापमानागणिक रोध किती बदलतो ते सांगणारा आकडा) जुन्याशी जुळणारं: ३४३५ आणि ३९५० ही दोन्ही प्रचलित आहेत. २५ अंशांना दोघं सारखेच दिसतात, टोकाच्या तापमानाला फरक पडतो. जुन्याचं मूल्य माहीत नसेल तर जुनाच काढून वापरणं सरळ.

जुनी संरक्षक पट्टी पूर्णच नव्या सेलवर वेल्ड करायचं काही जण सुचवतील. हातात स्पॉट वेल्डर आणि त्याचा सराव असेल तरच. आयर्नने सेलचे पत्रे तापवून ते करू नका.

---

रबरीरिंग

पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

५ एटीएम म्हणजे कारखान्यात स्थिर दाबाखाली ५० मीटर पाण्याच्या खोलीइतकी चाचणी. झाकण एकदा उघडलं की तो शिक्का संपला, पुन्हा चाचणी होईपर्यंत. घरी काम नीट केलं तर घाम, पाऊस, हात धुणं यांना घड्याळ व्यवस्थित टिकतं. पोहायला न्यायचं असेल तर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडच्या कोरड्या दाब-चाचणी यंत्रावर तपासून घ्या. त्यात पाणी नसतं. हवेच्या दाबाखाली केस किती दबते आणि दबलेली राहते का, एवढंच ते मोजतं. गळती असली तरी घड्याळ वाचतं.

रिंग भिंगाखाली धरा. आडवा छेद गोल असायला हवा. पाच वर्षं दाबात राहून तो चपटा झाला असेल, किंवा रिंग खाचेतून काढल्यावर खाचेचाच आकार धरून बसत असेल, तर ती बदला. नवी घेताना आतला व्यास जुळवण्यापेक्षा छेदाची जाडी जुळवणं महत्त्वाचं. व्यास किंचित कमी असला तर रिंग ताणून बसते. जाडी कमी असली तर ती दाबलीच जात नाही, आणि जास्त असली तर झाकण तरंगतं.

खाच कापसाच्या काडीने साफ करा आणि मग काडीचा एकही धागा तिथे राहिला नाही ना ते भिंगातून पूर्ण फेरी मारून बघा. रिंगवर आडवा पडलेला डोक्याचा एक केस पाण्याला वाट द्यायला पुरतो, पाणी त्याच्या कडेकडेने आत ओढलं जातं. रिंग काळ्या नायट्राइल रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीस अगदी इतकंच लावा की रिंग चमकेल, बोटाला थर लागेल इतकं नाही. रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नका, ती फुगते आणि खाचेबाहेर येते. ती कोरडीच बसवा.

बॅरोमीटरच्या छिद्रांना हात लावू नका. आत एक पातळ पडदा असतो, हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा. सुईने मीठ काढायला गेलात तर तो फाटतो, आणि मग बाकी सगळी रिंगची मेहनत वाया. तिथे ग्रीस किंवा गोंद गेला तर घड्याळ उंची चुकीची दाखवायला लागतं: हवामान बदललं तरी आकडा जागचा हलत नाही, किंवा तासाभराने हलतो. मीठ साचलंच असेल तर कोमट साध्या पाण्यात घड्याळ काही मिनिटं ठेवा आणि वाळू द्या, आणि हे उघडायच्या आधी करा.

झाकण लावताना पॉलिमर केसमधले आटे जपा. स्क्रू छिद्रात ठेवा आणि आधी उलटा, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, हलक्या हाताने फिरवा. एका ठिकाणी तो टचकन खाली बसल्याचं बोटाला जाणवतं. तिथे जुन्या आट्याचं तोंड आहे. आता सुलटा फिरवा. असं न करता थेट आवळला तर स्क्रू नवा आटा पाडतो, आणि दोन-तीन उघडझापीत आटे जातात. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, तीन फेऱ्यांत आवळा. फक्त दोन बोटांचा जोर. शेवटी झाकण आणि केसमधली फट चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जास्त असेल तर आत वायर सापडलीय, उघडा.

एक घरगुती चाचणी आहे, घड्याळजींची जुनी. घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या कोरड्या उबेत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग काचेवर थंड पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभर थांबा, पुसा. काचेच्या आतल्या बाजूला त्या जागी धुकं धरलं तर आत ओलावा अडकलाय. झाकण काढून घड्याळ कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवा आणि मग परत बंद करा. ही चाचणी आत ओलावा आहे की नाही एवढंच सांगते. रिंग धरते की नाही हे कळायला आधी घड्याळ तळहाताएवढ्या खोल पाण्यात तासभर ठेवून मग हीच चाचणी करावी लागते, आणि ते करायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

मागचं झाकण चिकटवलेल्या घड्याळांबद्दल कुणी विचारलंच तर: जुना चिकटा पूर्ण खरवडून, दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून, बी७००० या गोंदाची अर्ध्या मिमीची सलग रेघ. दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मग दाबा, चिमट्यांखाली २४ तास ठेवा. पाण्याजवळ ४८ तासांनंतरच.

---

पहाटधाव

पांढरी वायर थर्मिस्टरचीच निघाली, बोटांत धरल्यावर ९.८ वरून ८.१ ला आली. जुनाच काढून नव्या सेलवर लावलाय. सेल ४.३५ चा, जागेत वर पाव मिमी मोकळं राहतंय. झाकण अजून आवळलेलं नाही, नुसतं टेकवून चार्ज केलं. चार्जिंग होतंय, सेल कोमट आहे. पण ४१ टक्क्यांवरून एकदम ७८ वर उडी मारली आणि नंतर १०० वर जाऊनही चार्जिंगचं चिन्ह तासभर तसंच राहिलं. सेलमध्ये दोष आहे की जोडणीत?

---

मिलिअँपिअर

दोन्हीत नाही. टक्केवारी मोजणाऱ्या चिपने जुन्या सेलची घटलेली क्षमता लक्षात ठेवलेली आहे. तिच्या हिशेबाने सेल भरला, प्रत्यक्षात नवा सेल अजून घेतोय, म्हणून चिन्ह जात नाही. पूर्ण चार्ज करा, चिन्ह गेल्यावरही अर्धा तास ठेवा, मग घड्याळ आपणहून बंद होईपर्यंत जीपीएसवर उतरवा आणि सलग १०० पर्यंत भरा. अशा दोन-तीन फेऱ्यांत आकडा सरळ होतो. त्यानंतर मात्र मुद्दाम शून्यापर्यंत उतरवायचं कारण नाही.

चार्जिंग संपताना सेलच्या टोकांवर व्होल्टेज एकदा मोजून घ्या. ४.३५ च्या पुढे एक-दोन शतांशापेक्षा जास्त गेलं तर लगेच थांबवा.

---

बारीकपाना

आवळण्याआधी एवढं बघून घ्या: हृदयगतीचा हिरवा दिवा लागतो का, सगळी बटणं क्लिक होतात का, व्हायब्रेटर, ब्लूटूथ, आणि उघड्या आकाशाखाली पाच मिनिटांच्या आत जीपीएस सापडतं का. बॅरोमीटरचा आकडा घड्याळ एक मजला वर नेल्यावर तीनेक मीटरनी बदलायला हवा. हिरवा दिवा नसेल तर रिबन केबल तिरकी गेलीय. पट्टी उभी करून ती परत सरळ, पांढरी रेघ कनेक्टरच्या तोंडाशी समांतर येईपर्यंत आत सारा.

जुन्या सेलच्या तिन्ही वायरींना वेगवेगळी टेप लावा आणि तो ई-कचऱ्यात द्या. घरातल्या कचऱ्यात टाकला तर कचऱ्याच्या गाडीत दाबला जाऊन पेट घेऊ शकतो.